डोंगरबाईंची माणसं

तिच्या चित्रांत सगळं असायचं, फक्त माणूस नसायचा. नदीकाठी बांधलेली होडी असायची, होडीत वल्हं असायचं, वल्ह्यावर ओल असायची. पण वल्हवणारा कुठे गेला ते कळायला मार्ग नसे. उतारावरच्या घराबाहेर दोरीवर सदरे वाळत असायचे, धुराड्यातून धूर निघायचा आणि घरात मात्र कुणी नाही. गल्लीतले लोक तिला 'डोंगरबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. डोंगर तिला जमायचे. डोंगर एका जागी बसून राहतात आणि आपण चित्रात कसे दिसलो असं विचारत नाहीत.

घरात मात्र ती धाकटी. छप्पन्नावं लागलं तरी धाकटीच, कारण थोरली अजून होती आणि चांगली खमकी होती. थोरलीचं खाली शिवणकामाचं दुकान होतं. पुढे काउंटर, उंच आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं करायचा लाकडी ठोकळा, मागे पडदा, पडद्याआड कापायचं टेबल, मशीन आणि इस्त्री. तिथूनच अरुंद जिना वर जायचा. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली उत्तरेच्या खिडकीची खोली धाकटीची. वरून खाली टर्पेंटाइनचा वास उतरायचा आणि खालून वर इस्त्रीची वाफ चढायची. जिन्याच्या मध्यावर दोघांची गाठ पडायची. थोरलीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटीने लग्नच केलं नव्हतं. दोघी बहिणी दिवसातून चारदा भांडायच्या आणि जेवायला बरोबर बसायच्या.

माणूस काढायचा धाकटीने कधी प्रयत्नच केला नव्हता, असं नाही. विसाव्या वर्षी ती चित्रशाळेत होती, तेव्हा तिथे एक म्हातारा पहारेकरी नमुना म्हणून बसायला यायचा. खुर्चीत बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचा आणि दोन तास भिंतीकडे बघायचा. धाकटीने त्याला तीन दिवस मन लावून काढलं. चौथ्या दिवशी मास्तर तिच्या पाठीशी येऊन थांबले. चित्र बराच वेळ पाहून म्हणाले, "खुर्ची झकास जमलीय. बसायला कुणी येणार आहे का?" वर्ग हसला. तो म्हातारासुद्धा हसला, आणि तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं, कारण तीन दिवसांत तो एकदाही हसला नव्हता.

त्यानंतर ती निसर्गचित्रांकडे वळली ती वळलीच. पुढे सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. किटली, सफरचंद, उघडी छत्री. माणसाचा धडा आला की ती भिंतीवर तक्ता टांगायची, मुलांना तक्ता बघून काढायला लावायची आणि स्वतः घंटा होईपर्यंत रंगांचं कपाट आवरत बसायची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि दिवसभर वरच्या खोलीत डोंगर रंगवू लागली. दोन गल्ल्या पलीकडचा फ्रेमवाला तिची चित्रं दुकानात लावायचा. दातांच्या डॉक्टरांना तिचे डोंगर फार आवडायचे म्हणे. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला बघायला बरे.

फ्रेमवाल्याने एकदा सुचवलं होतं, "बाई, रस्ता सुंदर आहे, पण त्यावर एक माणूस टाका. लहानसाच. गिऱ्हाइकाला सोबत वाटते." तिने टाकला. दोन दिवस खपून टाकला, तरी तो रस्त्यात रोवलेला खांब दिसत राहिला. शेवटी तिने त्याचं झुडूप केलं. फ्रेमवाल्याने झुडूप पाहिलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

थोरलीचं सगळं उलट. चाळीस वर्षं माणसांच्या अंगाला टेप लावून तिची नजर अशी तयार झाली होती, की बाई दारातून आत आली की टेप हातात घेण्याआधीच तिला कळायचं: ही उजव्या खांद्यावर जड पिशवी वाहते, हिचा गुडघा दुखतोय, हिने हा कोट स्वतःच्या हौसेने शिवायला टाकलेला नाही. मापाच्या वहीत ती आकड्यांशेजारी असलंच काहीबाही लिहायची. 'डावा खांदा उतरता.' 'पोट आत ओढून उभी राहते, दोन इंच जास्त धरावेत.' बोलायची फटकळ, पण तिच्या हातचा कोट घातला की माणूस ताठ चालायला लागायचा. गिऱ्हाइकं त्यासाठी तिचं बोलणं ऐकून घ्यायची.

एका सकाळी थोरलीने चहाचा घोट घेतला आणि तो हनुवटीवरून खाली ओघळला. तिला वाटलं कपाला चीर गेलीय. तिने कप बदलला. दुसऱ्या कपातूनही तेच. तेव्हा ती वैतागून म्हणाली, "हे कसले कप आणलेस गं?" आणि धाकटीने मान वर करून पाहिलं, तर बहिणीचा अर्धा चेहरा रागावला होता आणि अर्धा नुसता लोंबत होता.

ताईला धरून ती कशी जिना उतरली, गाडी कुणी थांबवली, यातलं तिला नंतर काहीच आठवेना. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला भुवया उचलायला लावल्या, हात वर करायला लावले, एका रेषेत चालायला लावलं, आणि मग खुर्ची ओढून दोघींच्या समोर बसल्या.

"डोक्यात काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हात-पाय ठणठणीत आहेत. चेहऱ्याची एक नस सुजलीय, त्यामुळे डावी बाजू झोपलीय. औषध देते. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत बरं होतं."

"बहुतेकांचं म्हणजे?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे सगळ्यांचं नाही. पण बहुतेकांचं. आणि तो डोळा सांभाळा. तो मिटत नाहीये, कोरडा पडू देऊ नका."

बाहेर आल्यावर धाकटीने भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. थोरली मात्र रुमाल तोंडाशी धरून भराभर पुढे निघाली होती.

घरी येताच तिने पुढची दोन्ही शटरं ओढून घेतली. "या तोंडाने मी काउंटरवर उभी राहणार नाही," म्हणाली. म्हणाली म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि ओठ मिटतच नव्हते. 'बावळट' हा धाकटीसाठी तिचा ठेवणीतला शब्द. तो आता वाऱ्यावर जायचा. दोन दिवस चिडचिड केल्यावर तिने त्याच्या जागी 'अडाणी' घेतला. तो जिभेवर नीट निघत होता.

तिसऱ्या दिवसापासून लोक शटर ठोकू लागले. कामं आधीच घेऊन ठेवलेली होती. गायकवृंदाच्या सोळा बायकांचे कोट व्हायचे होते, त्यांतल्या नऊ जणींची मापं बाकी होती, आणि त्यांचा कार्यक्रम काही थोरलीच्या गालासाठी थांबणार नव्हता. थोरलीचे हात चालत होते, कात्री चालत होती. घोडं अडलं होतं ते फक्त पडद्यापुढच्या चार पावलांवर.

"तू घे मापं," थोरली म्हणाली.

"मी? ताई, मी आजवर कुणाच्या अंगाला टेप लावलेली नाही."

"तक्ता लाव भिंतीवर," थोरली म्हणाली. वाकड्या तोंडानेही तिला टोमणा बरोबर मारता येत होता.

धाकटीने एक शटर अर्धं वर केलं. पहिली आली ती औषधांच्या दुकानात काम करणारी एक उंच बाई. धाकटीने तिला ठोकळ्यावर उभं केलं, टेप दोनदा पाडली, एकदा तिच्या केसांत अडकवली, आणि घामाघूम होऊन आकडे घेऊन पडद्याआड गेली. थोरलीने कागद पाहिला आणि टेबलावर टाकला.

"हे तर कपाटाचं झालं. ती उभी कशी राहते?"

"सरळ."

"सरळ कुणीच उभं राहत नाही, अडाणी. डोंगर काढतेस ना? जा, तिला डोंगरासारखी काढ. चेहरा नको, तो काही शिवायचा नाही."

धाकटीने कापायच्या टेबलावरचा खाकी कागद फाडून घेतला, पेन्सिल घेतली आणि बाहेर जाऊन बाईंना म्हणाली, "जरा पाठ करून उभ्या राहता का? मापाचंच आहे." ती बाई वळली. धाकटीने एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नजर नेली, आणि तिथे खरोखरच एक कडा होता. उजवीकडे उंच, डावीकडे हळूहळू उतरत गेलेला, मध्ये मानेपाशी एक खिंड. खाली पाठीचा लांब उतार, तो कमरेपाशी आत वळलेला, आणि सगळा भार एका टाचेवर. चढ कुठे, उतार कुठे, वजन कुणी पेललंय, एवढंच तर तिने आयुष्यभर पाहिलं होतं. पाचसहा रेषा झाल्या. तिने वाट पाहिली, पण मागून कुणी हसलं नाही.

थोरलीने कागद उजेडात धरला. "हं," ती म्हणाली. "दिवसभर एका पायावर उभी असते. डावी बाजू बोटभर लांब धरायला हवी." आणि कापडावर खडू ओढायला लागली.

त्या आठवड्यात धाकटीने नऊ पाठी काढल्या. कुणी त्याला चित्र म्हटलं नाही म्हणून तिचा हात घाबरला नाही. तो आपला कापायचा नकाशा. पण चौथ्या-पाचव्या पाठीनंतर पडद्याआडचं बोलणं बदलत गेलं. "ही कुणाची तरी वाट बघतेय," थोरली कागद बघून म्हणायची. "कशावरून?" "मानेवरून. तूच काढलीयेस." धाकटी मग पुन्हा बघायची, आणि खरंच, मान दाराच्या बाजूला किंचित वळलेली असायची. आपण ते पाहिलं कधी आणि काढलं कधी, याचं तिलाच नवल वाटायचं. दुसरी एक बाई गरगरीत, हसतमुख, सतत बोलणारी. पण कागदावर तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून बसलेले आले. गायकवृंदात ती नवीनच होती आणि तिला एकटीला चार ओळी गायच्या होत्या. थोरलीने तिच्या कोटाला आतून एक खिसा दिला. "हातांना जागा हवी," एवढंच म्हणाली.

मग एक दिवस किल्लीवाला आला. कोपऱ्यावर त्याचं कुलुपं-किल्ल्यांचं छोटं खोपटं होतं. मूळचा किरकोळ अंगाचा माणूस. त्याच्या हातावर एक जाड, काळा, लांब कोट होता.

"हा लहान करून हवाय," तो म्हणाला. "माझ्या मापाचा. थोरल्या भावाचा आहे. तो गेला गेल्या महिन्यात."

धाकटीने त्याला कोट घालून ठोकळ्यावर उभं केलं. बाह्यांतून त्याची बोटंसुद्धा बाहेर येत नव्हती. खांदे दोन्हीकडे चार चार बोटं खाली लोंबत होते. तिने टेप घेऊन पाठीमागून हात पुढे केला आणि तो आतल्या आत आक्रसला. कोट तसाच राहिला आणि माणूस तेवढा लहान झाला. धाकटी थांबली. टेप तिने ठोकळ्यावर ठेवून दिली.

"आधी कागदावर काढून घेते," ती म्हणाली. "घाई आहे का?"

"नाही," किल्लीवाला आरशाकडे न बघता म्हणाला.

त्या दिवशी पाच रेषांत भागलं नाही. तिने तो कोट काढला, त्याचं वजन काढलं, त्याच्या आत कुठेतरी उभा असलेला माणूस काढला. गळपट्टीच्या वर मागचं डोकं थोडंसं दिसत होतं, एखादा माणूस पाण्यात मानेपर्यंत उतरल्यासारखं. अर्धा तास झाला. पडद्याआड मशीन केव्हाच थांबलं होतं. किल्लीवाला हलला नाही. त्याला तसं उभं राहणं बरंच वाटत असावं.

पडद्याआड थोरलीने ते चित्र हातात घेतलं. मग म्हणाली, "विचार त्याला, घालून कुठे जाणार आहे?"

धाकटीने विचारलं.

"कुठे नाही हो," किल्लीवाला म्हणाला. "वहिनी म्हणाली, वापरा नाहीतर कुणाला देऊन टाका, मला तो खुंटीवर बघवत नाही. द्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून म्हटलं, आपल्या मापाचा करून घ्यावा. अकरा दिवस घेऊन फिरतोय. दोन शिंप्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो."

तेवढ्यात पडद्याआडून थोरली बोलली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी बोलत होती. शब्द गळत होते, घसरत होते, पण तिने सावकाश, एकेक करत सांगितलं, "कापू नका तो. कात्री लावली की परत जोडता येत नाही. बाह्या आत दुमडून टाके घालते. तेवढंच. हवे तेव्हा उसवता येतील. जसा आहे तसा घाला, घरात घाला."

किल्लीवाल्याला सगळे शब्द कळले नसतील, पण म्हणणं कळलं. तो ठोकळ्यावरून खाली उतरला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, कोटासकट.

"असं चालतं?" त्याने विचारलं.

"न चालायला काय झालं?" पडद्याने उत्तर दिलं.

त्याने दोन्ही हातांनी तोंडावरून कोटाच्या बाह्या फिरवल्या आणि एकदम सैलावला. "बरं झालं," म्हणाला. "बरं झालं बाई. मला वाटत होतं, मीच काहीतरी वेडेपणा करतोय." जाता जाता त्याची नजर धाकटीने काउंटरवर आणून ठेवलेल्या कागदाकडे गेली. तो वाकून बघत राहिला.

"मी पाठीमागून असा दिसतो? हा तर दादा उभा आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "कापायचं नसेल तर हा कागद तुम्हाला लागणार नाही ना?"

धाकटीने कागदाची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. तिने काढलेला माणूस कुणीतरी घरी नेत होतं. ती वर गेली, खिडकीशी उभी राहिली आणि तिला आढळलं की आपल्याला रडू येतंय आणि आपण खुशीत आहोत.

दुसऱ्या दिवसापासून डोंगर भिंतीला तोंड करून बसले. तिने मोठा कॅनव्हास घेतला आणि आठवणीतून तो कोट रंगवायला घेतला. पहिले दोन फसले. थोरली जिना चढून यायची, एक डोळा झाकून, दुसऱ्याने बघायची. "भार चुकीच्या पायावर दिलास," म्हणायची. "आणि कोट ओला आहे का? मग एवढा चिकटलाय कशाला?" तिसरा कॅनव्हास पाहून ती काहीच न बोलता खाली गेली, तेव्हा धाकटीला कळलं की जमलं.

दीड महिना झाला. थोरलीच्या चेहऱ्यात फरक नव्हता. औषधाचा कोर्स संपला, डोळ्यात थेंब घालणं चालू होतं, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावणं चालू होतं. दोन महिने होत आले. "होईल," थोरली म्हणायची, आणि तिच्या तोंडावरून काही समजायचं नाही, कारण तोंडच अर्धं होतं. हसतेय की वैतागलीय हेसुद्धा बोलल्यावर कळायचं.

पण पाठ तर होती. धाकटीने तिला मशीनवर बसलेली पाठमोरी काढायला सुरुवात केली, तिला न सांगता, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून. खाली तारीख घालायची. एका दुपारी तिने तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात थोरली मशीनवर अशी बसली होती, जशी ती चाळीस वर्षं बसत आलीय: घोड्यावर बसल्यासारखी. दुसऱ्यात मान थोडी आत गेली होती. तिसऱ्यात खांदे कानांशी आले होते, आणि डावा हात कापड सरकवायचं सोडून गालाखाली होता.

तिने ते तिन्ही कागद थोरलीसमोर मांडले.

"मला विचारल्याशिवाय?" थोरली भडकली.

"विचारलं असतं तर तू ताठ बसली असतीस."

थोरलीने कागद एकेक करून पाहिले. दुसऱ्यांच्या पाठी वाचणारी बाई, स्वतःची वाचायला तिला फार वेळ लागला नाही.

"ही घाबरलीय," ती हळूच म्हणाली.

"हो. आणि बहिणीला सांगत नाही."

"सांगून काय करू? तू डॉक्टर आहेस?" मग बराच वेळ ती हातातला खडू टेबलावर टेकवत राहिली. "धाकटे, हे असंच राहिलं तर? दात घासताना आरशाकडे पाठ करते मी. आरशापुढे आयुष्य गेलं माझं, लोकांना उभं करून करून."

धाकटीने 'होईल बरं' असं म्हटलं नाही. ते दोन महिने म्हणून झालं होतं. ती टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, ताईलाही शेजारी ओढून घेतलं, आणि दोघी तशाच पाय लोंबकळवत बसून राहिल्या. बोलून टाकल्यावर थोरलीचे खांदे इंचभर उतरले. धाकटीने ते पाहिलं.

"काढायचंच असेल तर समोरून काढ," थोरली शेवटी म्हणाली. "मी बघत नाही, तर निदान तू तरी नीट बघ. काय बदलतंय ते सांग मला. आणि गोड करू नकोस."

तेव्हापासून रोज जेवण झालं की थोरली वरच्या खोलीत खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायची आणि धाकटी तिचा चेहरा काढायची. पाठ काढणं वेगळं आणि हे वेगळं. समोरून बघताना तो माणूसही आपल्याकडे बघत असतो. पहिल्या दिवशी तिचा हात पुन्हा विसाव्या वर्षाचा झाला. गाल पुठ्ठ्याचा आला. पण हे काही कुणाला दाखवायचं नव्हतं, हे काम होतं. डावी भुवई किती खाली, ओठाचा कोपरा किती, आणि तो डोळा, थोरली डुलकी घेत असतानाही पापणीखाली पांढऱ्याची एक कोर उघडी ठेवणारा. ती कोर धाकटी रोज काढायची. कागद कोरा सोडून काढायची, खालून पापणीची रेघ. "कोपरा केसभर वर आलाय," एक दिवस ती म्हणाली. "गोड करतेयस," थोरली म्हणाली. "नाही. कालचा कागद बघ." थोरलीने दोन्ही कागद टेप लावून मोजले आणि पुन्हा खुर्चीत बसली.

नवव्या की दहाव्या दुपारी थोरली खुर्चीतच झोपली. खिडकीतून मऊ उजेड येत होता. धाकटीने कपाळ काढलं, भुवई काढली, पापणीवर आली आणि सवयीने कोरी जागा सोडायला लागली. पेन्सिल थांबली. सोडायला जागा नव्हती. तिला वाटलं आपलंच चुकलं. तिने पुन्हा पाहिलं, उठली, चोरपावलांनी जवळ गेली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. डावी पापणी पूर्ण खाली आली होती. उजव्या डोळ्यासारखीच, काठाला काठ लागलेली, पापण्यांचे केस गालावर टेकलेले.

धाकटी तिथेच जमिनीवर बसली. खाली दुकानाची घंटा वाजली, ती हळूच जिना उतरली आणि दारातल्या बाईंना म्हणाली, "तासाभराने या हो. आमची ताई झोपलीय." तिचा चेहरा बघून ती बाई म्हणाली, "काही चांगली बातमी आहे वाटतं?" धाकटीने नुसती मान हलवली आणि पुन्हा वर गेली. तो तासभर तिने दुसरं काही केलं नाही. ती दोन मिटलेले डोळे काढत होती.

थोरली जागी झाल्यावर तिने कागद पुढे केला. थोरलीने तो पाहिला, मग धाकटीकडे पाहिलं, मग बोट डाव्या डोळ्याशी नेऊन डोळे मिटले आणि पापणी चाचपली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. असं पाचसहा वेळा केलं. मग उठून खाली गेली. धाकटी मागोमाग धावली. थोरली पुढच्या उंच आरशासमोर उभी होती आणि आरशातल्या बाईला डोळा मारत होती.

"नस जागी झालीय," डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "आता तीनेक आठवडे द्या तिला." परतताना दोघी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, बागेतून आल्या. बाकावर बसल्या. थोरलीने रुमाल पर्समध्ये ठेवून दिला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कोट बघून ती त्यांना नावं ठेवत होती. धाकटीला कित्येक दिवसांत एवढी भूक लागली नव्हती.

त्याच सुमारास फ्रेमवाला ठरलेले डोंगर न्यायला आला. भिंतीला तोंड करून बसलेले डोंगर त्याने उचलले, आणि मग खोलीतल्या बाकीच्या कॅनव्हासांकडे त्याचं लक्ष गेलं. काळा कोट. पाठीमागे गुंफलेले हात. एका टाचेवर उभी असलेली बाई. मशीनवरची पाठ. तो एकेका चित्रासमोर थांबत गेला.

"यांना चेहरे नाहीत," तो म्हणाला.

"आहेत. त्या बाजूला आहेत," धाकटी म्हणाली.

फ्रेमवाला हसला नाही. मान कलती करून तो काळ्या कोटाच्या थोडा पलीकडे जाऊन उभा राहिला, आणि मग स्वतःचंच त्याला हसू आलं. चार चित्रं तो डोंगरांबरोबर घेऊन गेला. दातांच्या डॉक्टरांनी ती घेतली नाहीत. एक चित्र किल्लीवाल्याची वहिनी रोज बाजारातून येताना बाहेरून बघून जाते, असं फ्रेमवाल्याने सांगितलं. ते त्याने विकायचं नाही असं ठरवलं, धाकटीला न विचारताच, आणि तिलाही ते पटलं.

ज्या दिवशी थोरलीने दोन्ही शटरं वर ढकलली, त्या दिवशी तिने ओठांना लाली लावली होती आणि दोनदा पुसली होती. हसली की डावा कोपरा अजून जरा मागे राहायचा. काउंटरमागे ती अशी उभी राहिली, जणू कुणी तिचं माप घेणार आहे. धाकटी पडद्यापाशी. पहिली आली ती गायकवृंदातली, आतल्या खिशाची बाई. तिने पिशवी काउंटरवर ठेवली, थोरलीकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "कोट फार छान झाला हो. खिसा तर काय सांगू. आता मला एक झगा शिवायचाय, आणि जरा लवकर हवाय."

कापड, रंग, अस्तर, सगळं बोलणं झालं. बाई गेली. थोरली तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"हिला काही दिसलंच नाही," ती म्हणाली. "अडीच महिने मी पडद्याआड बसून काढले, आणि हिला झग्याची पडलीय."

"वाईट वाटलं?"

"वाटलंच थोडं." मग तिने टेप गळ्यात अडकवली. "तिचं माप घ्यायचं राहिलं की गं. तू का नाही पुढे झालीस?"

"आता तू आहेस ना."

"मी आहे. पण आकड्यांवरून मला आता कापता येत नाही, तू सवय लावलीस. सोमवार ते गुरुवार सकाळी खाली येत जा. बाकी वेळ तुझे डोंगर आहेतच."

धाकटीने जरा विचार केल्यासारखं केलं. मग टेबलावरच्या गुंडाळीतून खाकी कागद हातभर फाडून घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि ठोकळ्याशेजारी स्टूल ओढून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.